किट घालूनही आयडलिंग स्थिर होत नाही: जुन्या एसयू कार्ब्युरेटरची झीज कशी ओळखायची आणि कशी काढायची

प्रश्न थोडक्यात असा आहे: साठच्या दशकातली गाडी, चार सिलिंडरचं इंजिन आणि त्यावर एसयू एचएस४ कार्ब्युरेटरची जोडी. गाडी बरीच वर्षं उभी होती. दोन्ही कार्ब्युरेटर खोलून साफ केले, रिबिल्ड किट घातलं, तरी आयडलिंग कधी ७०० आरपीएमवर तर कधी १३०० वर. प्लग काळे पडतात, इंजिन गरम झालं की गाडी थांबल्याबरोबर बंद पडते आणि मागच्या फ्लोट चेंबरमधून अधूनमधून पेट्रोल ओघळतं. आता नवी जोडी घ्यावी, की याच जोडीवर आणखी मेहनत करावी?

नवी जोडी इतक्यात घेऊ नका. तुम्ही सांगितलेली लक्षणं एकत्र वाचली तर पहिला संशय थ्रॉटल शाफ्टच्या, म्हणजे हवेचा मार्ग उघडणारी-मिटवणारी चकती (बटरफ्लाय) ज्या दांड्यावर बसते त्याच्या, झिजेवर जातो, आणि ती झीज कोणत्याही किटने भरून निघत नाही. किटच्या पाकिटात काय असतं ते बघा: पॅकिंग, ओ-रिंग, फ्लोटचा नीडल व्हॉल्व्ह, फार तर जेट आणि नीडल. म्हणजे मुख्यतः जे काही रबराचं, कागदाचं किंवा कॉर्कचं असतं ते. इतक्या वर्षांत धातूवर धातू घासून जे झिजलं, ते पाकिटात कुठून येणार? शाफ्ट, तो ज्या भोकांत फिरतो ती भोकं, बटरफ्लायची कड, वाकलेला फ्लॅंज यांतलं काहीच त्यात नसतं. म्हणून किट घातल्यावर गाडी चार दिवस बरी चालते आणि पुन्हा मूळ पदावर येते.

आता हा संशय का, ते सांगतो. एसयूमध्ये आयडलचा वेगळा जेट नसतो, अ‍ॅक्सिलरेटर पंपही नसतो. एकच जेट, म्हणजे पेट्रोल येण्याचं भोक, आणि त्यात वरखाली होणारी एकच निमुळती नीडल. इंजिन जितकी हवा मागेल तितका पिस्टन वर उचलला जातो, त्याच्याबरोबर नीडल वर येते आणि जेटमधली मोकळी जागा वाढते. हवा किती गेली हे पिस्टन मोजतो, त्या मापाने पेट्रोल नीडल सोडते. ही सगळी रचना एका गोष्टीवर उभी आहे: इंजिनात जाणारी सगळी हवा पिस्टनखालूनच गेली पाहिजे. शाफ्ट आणि बॉडी यांच्यात फट पडली की बाहेरची हवा थेट बटरफ्लायपाशी आत शिरते. तिची दखल पिस्टन घेत नाही, त्यामुळे मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि आयडलला इंजिन अडखळतं. मग कुणीतरी जेटचं नट फिरवून जेट खाली घेतो, म्हणजे पेट्रोल वाढवतो. आयडल कसंबसं जमतं, पण तोच जेट मधल्या वेगातही वापरात असल्याने तिथे मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त) होतं आणि प्लग काळे पडतात. आयडलला लीन आणि रस्त्यावर रिच, ही दोन्ही लक्षणं एकाच फटीतून निघतात. आयडल दर वेळी वेगळ्या आकड्यावर येण्याचं कारणही तेच: सैल शाफ्ट दर वेळी वेगळ्या जागी बसतो, त्यामुळे बटरफ्लाय कधी पूर्ण मिटतो, कधी कडेला अडकतो.

मात्र पाना हातात घेण्याआधी इंजिन निर्दोष असल्याची खात्री करा. कार्ब्युरेटरच्या नावावर खपणारे निम्मे रोग इग्निशनचे निघतात, असा माझा अनुभव आहे. व्हॉल्व्ह क्लिअरन्स बघा. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं क्लिअरन्स घट्ट असेल तर इंजिन गरम झाल्यावरच आयडल बिघडतं आणि दोष कार्ब्युरेटरवर जातो. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरमध्ये साधारण सारखं हवं. पॉइंट गॅप, टायमिंग, डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्युम अ‍ॅडव्हान्सचा पडदा फाटलाय का, ब्रेक सर्व्होची नळी हवा ओढते का, हे सगळं आधी. सर्व्होची नळी चिमट्याने दाबून बंद करा. आयडल सुधारलं तर तुमची गळती तिथेच आहे. आणि गाडी गरम होऊन बंद पडते त्या क्षणी दोन गोष्टी तपासा: प्लगला ठिणगी येते का, आणि फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल आहे का. ठिणगी नसेल तर कंडेन्सर किंवा कॉइल. चेंबर कोरडं असेल तर पेट्रोलचा पुरवठा. दोन्ही ठीक असेल तरच कार्ब्युरेटरकडे वळा.

शाफ्टची फट चालू इंजिनवर शोधण्यासाठी बरेच जण कार्ब क्लीनरचा फवारा मारतात. तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डशेजारी ज्वलनशील फवारा मारणं मला अजिबात पसंत नाही. त्याऐवजी शाफ्टच्या दोन्ही टोकांना, बॉडीला लागून, घट्ट तेल किंवा ग्रीस लावा. काही क्षण फट बुजते. तेवढ्यात आयडल बदललं, आवाज एकसारखा झाला, की निदान झालं. एका कार्ब्युरेटरचं आधी, मग दुसऱ्याचं. दोन्हींतली गळती सहसा सारखी नसते, म्हणून तर जोडीचा ताळमेळ बसत नाही.

कार्ब्युरेटर उतरवताना एक शिस्त पाळा: पुढच्याचा एकही भाग मागच्यात मिसळायचा नाही. दोन वेगळे ट्रे घ्या. पिस्टन आणि त्यावरचा घुमट, म्हणजे सक्शन चेंबर, ही कारखान्यातच जुळवलेली जोडी असते. अदलाबदल झाली की पिस्टन एकात अडकतो आणि दुसऱ्यात सैल पडतो. चेंबर बॉडीवर कोणत्या दिशेने बसतो त्याची खूण करा. सक्शन चेंबरच्या किंवा फ्लोट चेंबरच्या झाकणाच्या स्क्रूखाली धातूची छोटी पट्टी असेल तर ती जिवापाड सांभाळा. त्यावरच्या क्रमांकावरून तो कार्ब्युरेटर मुळात कोणत्या इंजिनासाठी होता, त्यात कोणती नीडल आणि पिस्टनची कोणती स्प्रिंग हवी, हे कळतं. ती पट्टी हरवली की पुढचं सगळं अंदाजपंचे.

आता शाफ्ट. रिटर्न स्प्रिंग आणि लिंकेज काढून टाका, शाफ्टचं टोक बोटांत धरून वर-खाली आणि पुढे-मागे हलवा. दोन्ही दिशांनी बघणं महत्त्वाचं, कारण स्प्रिंग आणि लिंकेज शाफ्टला वर्षानुवर्षं एकाच बाजूला ओढत असतात आणि भोक त्याच दिशेला लांबट होतं. चांगल्या कार्ब्युरेटरमध्ये हाताला खेळ जाणवतच नाही. टिकटिक ऐकू आली तर झीज आहे. डायल गेज असेल तर लावा, ०.१ मि.मी.च्या वर खेळ दिसला की मी दुरुस्तीला घेतो. जोडीतल्या एकाला दुरुस्ती लागली की दुसराही त्याच वेळी करून टाकतो, कारण पुढे दोन्हींचा मेळ घालायचाच आहे.

शाफ्ट काढताना घाई केली तर बॉडीचं नुकसान होतं. बटरफ्लाय ज्या दोन स्क्रूंनी धरलेला असतो त्यांची टोकं मधोमध चिरलेली आणि फाकवलेली असतात. ती चिमट्याने जवळ आणा किंवा बारीक कानशीने घासून सपाट करा, मगच स्क्रू फिरवा. तसंच फिरवलं तर शाफ्टमधले आटे सोलले जातात. बटरफ्लायची कड तिरपी असते आणि आकार पूर्ण गोल नसतो, किंचित लंबगोल असतो, म्हणून कोणती बाजू कुठे होती त्याची खूण करून ठेवा. उलटा बसवला तर मिटणारच नाही.

मग नवा शाफ्ट जुन्या भोकांत घालून बघा. पुष्कळदा झीज जास्त करून शाफ्टवरच असते आणि नुसता नवा शाफ्ट घातला की काम होतं. जुना शाफ्ट उजेडात धरून फिरवा: भोकात बसणाऱ्या भागाशी पायरी पडलेली दिसेल, नखालाही लागेल. नवा शाफ्ट घालूनही खेळ राहिला, तर भोकं मोठी करून ब्रॉंझचे बुश बसवावे लागतात. इथे मी स्पष्ट सांगतो: हॅंड ड्रिलने हे काम करू नका. दोन्ही बाजूंची भोकं एकाच रेषेत आणि थ्रॉटलच्या बोअरच्या बरोबर मध्यातून जायला हवीत. केसभर सरकली तरी बटरफ्लाय एका बाजूला टेकतो आणि दुसऱ्या बाजूला उजेड दिसतो. चांगला टर्नर जिग लावून, एका भोकातून दुसऱ्या भोकापर्यंत आधार घेत, सरळ रेषेत रीमर चालवतो. बुश दाबून बसवल्यावर आतून पुन्हा एकदा रीमर फिरवावा लागतो, कारण दाबताना बुश किंचित आकसतो. बुशचं टोक बोअरमध्ये डोकावता कामा नये. हे काम करून घेताना फक्त बॉडी देऊ नका, नवा शाफ्टही सोबत द्या. माप कॅटलॉगमधून घेण्यापेक्षा हातातल्या शाफ्टवरून घेतलेलं बरं.

बटरफ्लाय बसवताना स्क्रू आधी सैल ठेवा. शाफ्ट हाताने मिटवा, बटरफ्लायला स्वतःची जागा घेऊ द्या, दोन-तीनदा उघडझाप करा, मग मिटलेल्या स्थितीत बॉडी दिव्यासमोर धरा. कडेने अगदी बारीक, सगळीकडे सारखी रेघ दिसली किंवा उजेड दिसलाच नाही तर उत्तम. एकाच बाजूला चंद्रकोरीसारखा उजेड असेल तर पुन्हा सैल करा. मग स्क्रू घट्ट करून त्यांची टोकं फाकवा. स्क्रू नवेच वापरा, जुने फाकवलेले पुन्हा वाकवले की तुटतात. ही पायरी कंटाळून सोडू नये, कारण इथून सुटलेला स्क्रू थेट सिलिंडरमध्ये जातो आणि पिस्टन, व्हॉल्व्ह दोन्ही घेऊन बसतो.

काही उशिरा बनलेल्या एसयूंमध्ये बटरफ्लायवरच एक छोटा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर धूर कमी व्हावा म्हणून तो दिलेला होता. त्याची स्प्रिंग थकली की तो आयडललाही अर्धवट उघडा राहतो आणि आयडल खाली येतच नाही. तुमच्या बटरफ्लायवर तो असेल तर आधी त्याच्याकडे बघा, कदाचित १३००चं गूढ तिथेच उकलेल.

पिस्टन आणि सक्शन चेंबर यांच्यात मुद्दाम ठेवलेली अतिशय बारीक फट असते. पिस्टनची कड चेंबरला टेकत नाही, तो फक्त मधल्या दांड्यावर सरकतो. म्हणून इथे पॉलिश पेपर, वायर ब्रश, घासण्याची पावडर काही चालत नाही. पेट्रोल किंवा थिनरने ओलावलेलं मऊ फडकं, बस. चमक आणण्याच्या नादात आतून घासलेला चेंबर मी पाहिला की वाईट वाटतं, कारण तो परत मिळवता येत नाही. तपासणीची पद्धत सोपी आहे. दोन्ही भाग कोरडे करा, तेल नको. स्प्रिंग काढून ठेवा, पिस्टनच्या तळाची दोन भोकं रबराच्या किंवा प्लॅस्टिसिनच्या गोळीने बुजवा, डॅम्पर (घुमटाच्या टोपीला लटकणारा, पिस्टनची हालचाल मंदावणारा दांडा) वर बसवा. पिस्टन चेंबरमध्ये पूर्ण आत ढकला, सगळं उलटं करा, पिस्टन हातात धरा आणि चेंबर आपल्या वजनाने खाली घसरू द्या. १¼ इंची एचएस२ला त्यासाठी ३ ते ५ सेकंद लागायला हवेत, एचएस४सारख्या मोठ्यांना ५ ते ७. चटकन पडला तर फट जास्त आहे, मध्येच अडकला तर कुठेतरी पोचा किंवा घाण आहे. दोन्ही कार्ब्युरेटरचे आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत.

नीडल आणि जेट ही पुढची जागा, आणि किटमधला जेट नवा असला तरी काम इथे संपत नाही. नीडल मध्यभागी नसेल तर ती जेटच्या एका बाजूला घासत राहते आणि पितळी जेटचं भोक लंबगोल होतं. आयडलला नीडलचा जाड भाग जेटमध्ये असतो, तिथे एवढीशी वाढलेली जागाही मिक्श्चर रिच करायला पुरते. मग ते लीन करायला जेट वर घेतला जातो आणि वेगात पेट्रोल कमी पडतं. शाफ्टच्या झिजेत घडतं त्याच्या बरोबर उलट. म्हणून जेटला भिंग लावून बघा, नीडल सपाट काचेवर घरंगळवून बघा. वाकलेली नीडल लगेच उड्या मारते. मागच्या टोकावर कोरलेली अक्षरं तुमच्या इंजिनाच्या यादीशी जुळतात का, तेही तपासा. दोन कार्ब्युरेटरमध्ये दोन वेगळ्या नीडल निघाल्याचं मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलंय.

तुमच्या नीडल पक्क्या बसवलेल्या असतील, तर जेट मध्यभागी आणावा लागतो. नीडलचा खांदा पिस्टनच्या तळाशी बरोबर समपातळीत ठेवा. जेट पूर्ण वर घ्या, त्याचं लॉक नट सैल करा, वरून पिस्टन हलक्या हाताने खाली दाबून ठेवा आणि नट हळूहळू आवळा. आता पिस्टन वर उचलून सोडा: पुलावर (बॉडीतल्या, जेटभोवतीच्या उंचवट्यावर) पडताना स्वच्छ ‘टक’ असा धातूचा आवाज यायला हवा. जेट पूर्ण खाली घेऊन पुन्हा सोडा. दोन्ही वेळा आवाज सारखा आला तर जेट मध्यभागी आहे. जेट वर असताना आवाज मऊ, दबका आला तर नीडल टेकतेय, पुन्हा नट सैल करा. यात संयम लागतो. नट आवळताना जेट सरकतो, म्हणून दोन-चार फेऱ्या होणारच. स्प्रिंगने एका बाजूला टेकवलेली नीडल असेल तर हे सेंटरिंग करायचं नसतं. ती मुळातच एका कडेला टेकून चालण्यासाठी बनवलेली आहे.

याच ठिकाणी चोकची केबल बघून घ्या. एसयूत चोक ओढला की जेट खाली येतो. केबल थोडी ताणलेली राहिली किंवा जेटचा लिव्हर गंजून अडखळला, तर जेट पूर्ण वर परततच नाही आणि गाडी दिवसभर अर्ध्या चोकवर चालते. काळ्या प्लगचं हे सगळ्यात स्वस्त कारण आहे.

आता मागच्या चेंबरमधून ओघळणारं पेट्रोल. नवा नीडल व्हॉल्व्ह घालूनही गळतं, याची मला सापडणारी कारणं साधारण अशी. नव्या रबरी नळ्या बसवताना पितळी पाइपच्या कडेने आतलं रबर खरवडलं जातं, आणि तो काळा कण पेट्रोलबरोबर येऊन व्हॉल्व्हच्या सीटवर बसतो. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या टाकीतला गंजही तेच करतो. म्हणून पंप आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये फिल्टर लावा आणि नळ्या जोडण्याआधी फुंकून घ्या. दुसरं कारण फ्लोटची पातळी. एचएस४मध्ये झाकण उलटं धरा, व्हॉल्व्ह मिटलेला असू द्या. फ्लोटचा लिव्हर किंवा नायलॉनचा फ्लोट आणि झाकणाची कड यांच्यात सव्वातीन ते पावणेपाच मि.मी. एवढं अंतर हवं. ड्रिलचा बिट आडवा घालून मापता येतं. एचआयएफ प्रकारात (ज्यात फ्लोट चेंबर बॉडीतच असतं) हे माप वेगळं आहे, तिथे फ्लोट कडेपासून साधारण १ मि.मी. खाली येतो. तिसरं, फ्लोट हलवून कानाशी धरा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटका आहे. जुना पितळी फ्लोट असेल तर गरम पाण्यात बुडवा, छिद्रातून बुडबुडे येतील. पितळी फ्लोटला डाग देताना आधी आतलं पेट्रोल आणि वाफ पूर्ण घालवा आणि ज्योत कधीही लावू नका, सोल्डरिंग आयर्नच वापरा. डाग कमीत कमी असावा, वजन वाढलं की पातळी बिघडते.

आणि चौथं, जे हल्ली फार आढळतं: पंपाचा दाब. एसयूला साधारण २.५ ते ३ पीएसआय पुरतो. जुना यांत्रिक पंप गेला म्हणून कुणी इलेक्ट्रिक पंप बसवला असेल आणि तो ५-६ पीएसआय देत असेल, तर जगातला कोणताही नीडल व्हॉल्व्ह टिकणार नाही. गेज लावून दाब मोजा, गरज पडली तर रेग्युलेटर बसवा. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ओघळणं म्हणजे आगीला आमंत्रण आहे, त्यामुळे हे सुटेपर्यंत गाडी चालवू नका आणि काम करताना अग्निशामक हाताशी असू द्या.

साफसफाईबद्दल दोन शब्द, कारण इथे उत्साहाच्या भरात खूप नुकसान होतं. एसयूची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, तर बऱ्याच इतर जुन्या कार्ब्युरेटरची जस्ताच्या मिश्रधातूची असते. कॉस्टिक सोडा दोन्ही धातू खातो. व्हिनेगरसारखं आम्ल जस्त खातं. ग्लास बीड ब्लास्टिंगने बॉडी सुंदर दिसते, पण एखादा मणी आतल्या बारीक मार्गात अडकून राहतो आणि नंतर जेटमध्ये येतो. म्हणून मी कार्ब्युरेटरवर ते करू देत नाही. अल्ट्रासॉनिक टब उत्तम, धातूला चालणारं सौम्य द्रावण आणि कोमट पाणी असेल तर. पण तिथेही भाग तासन् तास विसरून ठेवू नयेत. नंतर प्रत्येक मार्गातून कॉम्प्रेसरची हवा मारा, एका टोकाने मारलेली हवा दुसऱ्या टोकाला बोटावर जाणवली पाहिजे. डोळ्यांना गॉगल हवाच.

मॅनिफोल्डला बसणारा फ्लॅंज काचेवर ठेवून फीलर गेजने तपासा. बोल्ट अति आवळल्याने त्याचे कान पुढे वाकलेले असतात. थोडा बाक असेल तर जाड सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून, बॉडी इंग्रजी आठच्या (8) आकड्यासारखी फिरवत घासा.

तुमच्या गाडीच्या काळात इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सर्रास नव्हतं, हेही लक्षात घ्या. जुनी रबरं त्याने फुगतात, मऊ पडतात, नळ्या आतून सुटतात. जुन्या कॉर्कच्या फ्लोटला शेलॅकचा थर असतो आणि शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळतं. मग कॉर्क पेट्रोल शोषून बुडतो. म्हणून किट घेताना व्हिटॉनचे (इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे) भाग आणि नळ्या घेताना इथेनॉल चालणाऱ्या नळ्या मागा, उदाहरणार्थ एसएई जे३० आर९ छापलेल्या. मिक्श्चरवरही परिणाम होतो: निव्वळ पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा लागते, १० टक्के इथेनॉल असेल तर साधारण १४.१. म्हणजे जुनं सेटिंग तसंच ठेवलं तर इंजिन किंचित लीन चालतं. एसयूला जेट थोडा खाली घेतला की भागतं. इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे गाडी दीर्घकाळ उभी करायची असेल तर चेंबर रिकामे करून ठेवा.

ज्यांच्याकडे एसयूऐवजी सोलेक्स, झेनिथ किंवा वेबर आहे त्यांच्यासाठी थोडं विषयांतर. शाफ्ट, फ्लॅंज, फ्लोट यांचं वरचं सगळं त्यांनाही लागू आहे. फरक असा की तिथे आयडल जेट, मेन जेट, एअर करेक्टर अशी वेगवेगळी भोकं ठरलेल्या मापाची असतात. मेन जेटवरचा १३५ हा आकडा म्हणजे नाममात्र १.३५ मि.मी. भोक. तार घालून ते साफ करू नका. पितळ मऊ आहे. १३५चा १४० झाला तरी भोकाचं क्षेत्रफळ साडेसात टक्क्यांनी वाढतं. नायलॉनचा ब्रशचा केस आणि हवा एवढंच वापरा. अ‍ॅक्सिलरेटर पंपाच्या मार्गात एक बारीकशी स्टीलची गोळी असते, कार्ब्युरेटर उलटा केला की ती निसटते आणि लक्षातही येत नाही. गोळी गेली की पेट्रोल फवारण्याऐवजी परत चेंबरमध्ये जातं आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबताक्षणी गाडी गचका खाते. म्हणून उलटं करण्याआधी खाली पांढरं फडकं अंथरा. जोडणीनंतर लिव्हर दाबून पेट्रोलची सरळ धार येते का ते बघा. आतले मार्ग बंद करायला शिशाचे किंवा पितळेचे प्लग ठोकलेले असतात. मार्ग हवेने खुला झाला नाही तरच ते काढायचे, उगाच नाही.

आता तुमच्या जोडीचं ट्युनिंग. सुरुवातीला दोन्ही जेट पुलाशी समपातळीत आणा आणि तिथून नट दोन पूर्ण फेरे, म्हणजे १२ कडा खाली घ्या. डॅम्परमध्ये एसएई २० तेल भरा; डॅम्पर आत ढकलताना त्याची टोपी आट्यांपासून साधारण ६ मि.मी.वर असताना विरोध जाणवला पाहिजे. तेल फार पातळ असलं तर अ‍ॅक्सिलरेटर दाबताच पिस्टन झटकन उडतो आणि गाडी अडखळते. इंजिन पूर्ण गरम करा. दोन्ही कार्ब्युरेटरमधली लिंकेजची क्लिप सैल करा, म्हणजे प्रत्येक शाफ्ट स्वतंत्र होईल. हवा मोजायचं मीटर असेल तर उत्तम, नसेल तर रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरा. दोन्हींचा फुसफुस आवाज सारखा होईपर्यंत आयडल स्क्रू फिरवा. हवा आधी, मिक्श्चर नंतर. हा क्रम उलटा केला की दिवस जातो.

मिक्श्चरसाठी एका कार्ब्युरेटरचा पिस्टन त्याच्या पिनने जेमतेम ०.८ मि.मी. उचला. इंजिन वेग वाढवून तसंच राहिलं तर रिच, जेट एक कड वर घ्या. वेग पडला तर लीन, एक कड खाली. क्षणभर किंचित वाढून पुन्हा जागेवर आलं तर बरोबर. मग दुसरा, मग पुन्हा पहिला, कारण एक बदलला की दुसऱ्यावर परिणाम होतो. नट एका वेळी एकच कड फिरवायचं. शेवटी लिंकेज घट्ट करताना दोन्ही शाफ्ट एकाच क्षणी उघडतात का ते १५०० आरपीएमवर मीटर लावून पुन्हा बघा. आयडलला जुळलेली जोडी रस्त्यावर वेगळी चालत असेल तर दोष या क्लिपचाच असतो.

नव्या जोडीचा विचार कधी करायचा? बॉडीला तडा असेल, पिस्टन-चेंबर घासून खराब केलेले असतील किंवा आधी कुणी भोकं वेडीवाकडी करून ठेवली असतील, तेव्हा. नुसत्या शाफ्टच्या झिजेसाठी मूळ जोडी टाकू नये. नीट बुश केलेला जुना एसयू पुन्हा अनेक वर्षं चालतो, आणि तुमच्या इंजिनाची मापं त्यातच आहेत.

जोडणीनंतर दोन-तीनशे किलोमीटर चालवून फ्लॅंजचे नट आणि लिंकेजची क्लिप पुन्हा तपासा. नवी पॅकिंग दबली की नट सैल पडतात. त्याच वेळी सपाट रस्त्यावर एका वेगाने चालवून, इंजिन लगेच बंद करून चारही प्लग काढा. चारही तपकिरी असतील तर जेट आता हलवू नका. पुढचे दोन ठीक आणि मागचे दोनच काळे असतील तर फक्त मागच्या कार्ब्युरेटरची फ्लोट पातळी आणि जेटची उंची बघा, पुढच्याला हात लावू नका.